माळावरचा साडूचा टॉवर

माझ्या साडूनं माळावर टॉवर उभा केला, त्या रविवारी मी दुपारी दोनदा जेवलो. एकदा घरी आणि एकदा त्याच्या उद्घाटनाला. तिथून न जेवता आलो असतो तर ‘थोरल्या जावयाच्या पोटात दुखतंय’ असं सासुरवाडीत झालं असतं. दुखत तर होतंच. पण आता ते जास्त जेवल्यामुळं दुखतंय, असं म्हणायची सोय झाली.

ढोकीजवळच्या आमच्या गावात मी बिनतारी इंटरनेटचा धंदा करतो. घराच्या गच्चीवर लोखंडी टॉवर, त्यावर चार दिशांना तोंड करून बसवलेले चार रेडिओ आणि आसपासच्या गावांत गिऱ्हाइकांच्या छतावर एकेक छोटी डिश, एवढा पसारा. बरीच वर्षं या भागात मी एकटाच होतो. सासुरवाडीत मला ‘नेटवाले पाव्हणे’ म्हणत. त्यातही सासऱ्यांच्या छतावरची डिश म्हणजे माझा खरा मान. त्यांच्या ओसरीवर सगळं गाव बसतं. ते जे घेतात ते गाव घेतं, मग ते सोयाबीनचं बियाणं असो की इंटरनेट.

आणि मग धाकट्या मेहुणीचा नवरा पुण्याची नोकरी सोडून आला. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. पोट सपाट, केस जागच्या जागी. बोलणं असं गोड की भांडायला जागा नाही. त्यानं टॉवर उभारला तो माझ्याहून उंच. मी काही मोजला नाही. फक्त एक डोळा मिटून अंगठ्याच्या मापानं पाहिला.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, “त्याची नजर लागंल आपल्या टॉवरला.”

“त्याची लागंल का तुमची त्याला?” ती म्हणाली.

आमच्या टॉवरच्या शेंड्यावर पहिल्यापासून एक पालथं काळं मडकं होतं. त्यावर चुन्याचे पांढरे ठिपके. नव्या बांधकामावर, पिकात जसं दृष्ट लागू नये म्हणून लावतात, तसं. पण ते साध्या नजरेसाठी. साडूच्या नजरेला मातीचं मडकं कसं पुरणार? मी माळ्यावरून चुलीवर काळंकुट्ट झालेलं जुनं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं काढलं, त्याच्यावर मोठाले ठिपके दिले आणि संध्याकाळी धापा टाकत वर चढलो. मडकं काढलं, पातेलं पालथं घालून तारेनं बांधलं. उतरताना माझ्या गुडघ्यांनी मला बजावलं, की ही चढाई शेवटची.

त्या पातेल्याखाली भूछत्राएवढा एक अँटेना असतो. त्याचं काम इथंच सांगतो, कारण पुढं माझी अब्रू त्याच्यापायीच गेली. टॉवरवरच्या चारही रेडिओंनी एकाच क्षणी बोलायचं आणि एकाच क्षणी गप्प बसून ऐकायचं, असा नियम आहे. अशी शिस्त आमच्या घरात नाही, पण यंत्रांना लागते. एक बोलत असताना शेजारचा ऐकायला बसला, तर त्याच्या कानात शेजाऱ्याचाच आरडाओरडा. लांबच्या डिशचा बारीक आवाज त्याला कुठून येणार? ही वेळ येते उपग्रहांकडून आणि ती झेलतं ते भूछत्र. लहानपणी कारखान्याचा भोंगा झाला की आम्ही घरातलं घड्याळ लावायचो, तसंच. फक्त हा भोंगा आभाळात वाजतो आणि त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचीही चूक चालत नाही.

सोमवारी सकाळी सासऱ्यांचा फोन आला. “पाव्हणं, तुमचं नेट रुसलंय. बाजारभाव काय उघडंना.”

मी दुपारी गेलो. नेट झकास चालू. मंगळवारी पुन्हा सकाळी बंद, दुपारी मी पोचेपर्यंत चालू. ओसरीवरचे लोक म्हणायला लागले, “ह्यांच्या नेटला बी जावयाचा मान लागतोय. पाव्हणं आले की येतंय, गेले की जातंय.”

मला एका क्षणात कळलं, की हे काम साडूच्या टॉवरचं. रविवारी तो सुरू झाला, सोमवारी माझं बिघडलं. आणखी कुठला पुरावा पाहिजे? तोच माझ्या लहरींवर लहरी सोडतोय. मी चॅनेल बदलले. दुपारी चालू झालं की मांडीवर थाप मारायची, सकाळी पुन्हा कपाळावर. सासऱ्यांच्या डिशची केबल बदलली, रेडिओ बंद करून चालू केले. सिग्नलचा आकडा उत्तम, वेग मात्र बैलगाडीचा. बुधवारी सासरे शांतपणे म्हणाले, “शुक्रवारपातूर वाट बघतो. न्हाय तर धाकट्याची डिश बसवून घेतो. तुम्ही वाईट वाटून घिऊ नका.”

तसं म्हटल्यावर वाईट वाटायला जी सुरुवात झाली, ती रात्रीच्या भाकरीपर्यंत थांबली नाही. सासऱ्यांची डिश उतरली की गावातल्या सगळ्या डिशा उतरणार, हे मला माझ्या पोटाइतकं स्पष्ट दिसत होतं.

गुरुवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मी माळावर गेलो. चोर रंगेहाथ पकडायचा होता. टॉवरखाली उभा राहून मोजमाप घेत होतो, तेवढ्यात साडू समोर.

“या की दादा! उन्हात कशाला उभारलाव? चहा घ्या.”

त्यानं चहा दिला, तोही चांगला. माझी तक्रार शांतपणे ऐकून घेतली. मग विचार करून म्हणाला, “सकाळी खराब आणि दुपारी वारं सुटलं की बरं? दादा, तुमच्याकडं उपग्रह किती दिसायलेत?”

“भरपूर,” मी म्हणालो.

खरं म्हणजे उपग्रहांचा आकडा दाखवणारं पान चार दिवसांत मी उघडलंच नव्हतं. गुन्हेगार ठरल्यावर तपास कशाला करायचा? त्यानं सहज आपला स्क्रीन फिरवून दाखवला. चौदा. वय बारा वर्षांनी कमी आणि उपग्रह चौदा.

घरी येऊन गच्चीवर बसलो आणि ते पान उघडलं. शून्य. दुपारी वारं सुटलं. शून्याचे तीन झाले, मग सहा, पुन्हा शून्य. मी मान वर केली. शेंड्यावर पातेलं डुलत होतं. ते तिरकं झालं की आकडा वाढे, सरळ बसलं की शून्य. माती उपग्रहांना आत येऊ देत होती. जर्मननं दारच लावून घेतलं होतं. साडूची नजर अडवायला बांधलेलं पातेलं चार दिवस माझंच आभाळ अडवून बसलं होतं.

गुडघ्यांची माफी मागून वर चढलो. पातेलं काढलं आणि खाली येऊन पाहिलं. बारा. आधी आनंद झाला. मग दोन कमी असल्याचं वाईट वाटलं.

संध्याकाळी साडूचा फोन. “सापडलं का दादा?”

“कावळ्यानं घरटं केलं होतं अँटेनावर.”

“व्हय, तारा आणून घालतेत ते,” तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला, याचाही मला राग आला.

शुक्रवारी सकाळी सासऱ्यांनी बाजारभाव वाचून दाखवायलाच फोन केला. “झ्याक चालतंय. राहू द्या तुमचंच.” माझी छाती फुगली. ती तशीच असताना ते पुढं म्हणाले, “काल मी धाकट्याला म्हणलं, आताच बसवून जा डिश. तर न्हाय म्हणला. म्हणला, दादांचं सामान चांगलंय, कावळ्यानं घोळ केला, त्यांचंच ठिवा.”

म्हणजे माझा मानही त्यानंच मला दिला होता. ज्यानं दिलं त्याचाच हेवा वाटला तर काय करावं, हे कुणी शिकवत नाही.

मी कुंभाराकडून दोन मडकी आणली. दोन्ही काळी केली, दोन्हीवर ठिपके दिले. एक माझ्या टॉवरला ठेवलं आणि दुसरं घेऊन माळावर गेलो.

“हे लाव वर,” साडूला म्हणालो. “नजर लई वाईट असते.”

“कुणाची दादा?”

“असते एकेकाची.”

तेवढ्यात मेहुणी टॉवरशेजारच्या घरातून बाहेर आली. “दाजी, मडकं वाऱ्यानं फुटंल की. आमच्याकडं जुनं जर्मनचं पातेलं हाय, तेच बांधू का?”

मी मडक्यावरचा एक ठिपका बोटानं सारखा करत बसलो. किती वेळ, ते सांगणार नाही. त्या वेळात मला त्याच्या स्क्रीनवरचे चौदा दिसले, चौदाचे शून्य झालेले दिसले आणि सासऱ्यांच्या ओसरीवर त्याची चाललेली थट्टाही दिसली.

“मातीचंच लाव,” शेवटी म्हणालो. “जर्मनच्या पातेल्यात कावळा घरटं करतो.”

साडूनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या बोटांवरच्या चुन्याकडं. मडकं उचलून तो सरसर वर चढायला लागला. निम्म्यात गेल्यावर मात्र त्याला हसू आवरेना, ते खाली मेहुणीला ऐकू आलं आणि ती मला विचारायला लागली, काय झालं म्हणून. त्याला शेंड्यापर्यंत पोचायला जरा वेळच लागला. काही म्हणा, टॉवर उंच आहे त्याचा.