थांबवलेल्या चित्रपटांची शिकवणी

माझी थोरली बहीण रशियन शिकवायची, तेही चित्रपट दाखवून. वर्गात कुणी पुस्तक उघडलं की तिचं डोकं फिरायचं. छापखान्याच्या वरची एक खोली, भिंतीवर पांढरी चादर, आणि यंत्रापाशी मी, कारण फुकटात राबायला सख्ख्या भावाइतकं सोयीचं माणूस मिळत नाही. पडद्यावर कुणी एक वाक्य बोललं की ताई हात वर करायची, मी चित्र थांबवायचो. मग ज्याची पाळी असेल त्याने ते वाक्य रशियनमध्ये म्हणायचं आणि लगेच आपल्या भाषेत सांगायचं. चुकलं तर मागे जाऊन पुन्हा ऐकायचं. एकदा नायिकेने होकार देण्याआधीच आमचा वर्ग अडकला, आणि नायक बिचारा तासभर ताटकळत राहिला.

ताई कडक होती. चुकीला बरोबर म्हणणं तिला जमायचं नाही, आणि तिच्या तोंडून शाबासकी तर मी कधी ऐकलीच नाही. खरी माणसं मध्येच थांबवता येत नाहीत, याचा तिला राग असावा.

त्या वर्गात शिवणकाम करणाऱ्या एक मावशी यायला लागल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा तिकडे रशियात बोगद्याच्या कामावर गेला होता आणि तिथेच दरडीखाली मेला. कंत्राटदाराच्या माणसाने सांगितलं, जागच्या जागी संपला, त्याला काही कळलंही नसेल. मावशींचा विश्वास बसेना. मुलाचा तिकडचा सोबती, एक गवंडी, अधूनमधून फोन करून रडायचा, पण त्याला रशियनशिवाय काही येत नव्हतं. ताई म्हणाली, मी बोलते त्याच्याशी. मावशी नको म्हणाल्या. दुसऱ्याच्या तोंडून एकदा ऐकलं होतं, आता त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. काजं करता करता त्या वाक्यं घोकायच्या. इतक्या जिद्दीने शिकणारं माणूस मी त्या खोलीत दुसरं पाहिलं नाही.

शेवटी एका दुपारी वर्गातूनच फोन लावला. आम्ही तिघंच होतो. आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. मावशींनी प्रश्न अगदी स्वच्छ विचारला. गवंडी बोलू लागला, आणि मावशींनी सवयीने वर्गातल्यासारखंच केलं. त्याचं एकेक वाक्य आधी जसंच्या तसं म्हटलं, मग आपल्या भाषेत.

"तो आत अडकला होता. सकाळपर्यंत आवाज येत होता. आम्ही खणत होतो. मुकादमाने थांबवलं. तो आईला हाका मारत होता."

त्यांचा आवाज सपाट होता. त्या धडा म्हणत होत्या. अर्थ अजून आत पोचलाच नव्हता. मग त्या ताईकडे वळल्या.

"बरोबर सांगितलं ना, बाई?"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदाच ती खोटं बोलली.

"चुकलं, मावशी. तसं नाही म्हणाला तो."

मावशींच्या चेहऱ्यावर जी आशा आली ती मला बघवेना. चुकल्यावर काय करायचं हे ताईनेच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी फोन उचलून कानाला लावला आणि सगळं पुन्हा, सावकाश सांगायची विनंती केली. गवंडी भला माणूस होता. लहान मुलाला सांगावं तसं, सोप्या शब्दांत, त्याने पहिल्यापासून सांगितलं. या वेळी मावशींनी मोठ्याने काहीच म्हटलं नाही.

त्यांनी त्याचे आभार मानले आणि फोन खाली ठेवला.

"बरोबरच होतं की, बाई," त्या म्हणाल्या.