बियरमध्ये काहीही घालू नये

लेलंड वोजान सहावीत माझा विद्यार्थी होता. झाडांच्या पानांची वही करून आणायची होती. इतर मुलांनी दहा-बारा पानं चिकटवली. लेलंडने बेचाळीस आणली, प्रत्येकाखाली नाव, तारीख आणि कोणाच्या कुंपणाजवळ सापडलं ते. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. रविवारी प्रार्थनेहून घरी येते तर हा माझ्या पायरीवर बसलेला.

"बाई, एकोणिसावं पान मी उलटं चिकटवलंय. तुम्हाला दिसलं नाही."

"असू दे रे लेलंड."

"असू दे कसं? अर्धा गुण कापा."

मी कापला. कापल्यावर त्याचा चेहरा जो उजळला, तो मला अजून आठवतो. पुढे चाळीस वर्षांनी तो बियर करायला लागला तेव्हा आमच्या फ्रीडा गावात मला एकटीलाच नवल वाटलं नाही. ज्याला उलटं पान झोपू देत नाही, त्याने कधीतरी असलं काही करणारच.

गावातला चीजचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. लेलंडचे वडील एर्विन यांनी तिथे अडतीस वर्षं चीज केलं होतं. लेलंडने ती इमारत घेतली, दुधाच्या टाक्या घासून काढल्या आणि त्यांत बार्ली शिजवायला सुरुवात केली. बापलेकांत यावरून जे बोलणं झालं ते सगळ्या गावाने ऐकलं, कारण एर्विनना हळू बोलता येत नाही. टाक्यांच्या आवाजात आयुष्य गेलेलं.

"इथं चीज व्हायचं. लोक ते पावाला लावून खायचे, पोरं मोठी व्हायची. तू काय करणार?"

"बियर, बाबा."

"बियर मिलवॉकीच्या कारखान्यांतून येते."

एर्विन यांच्या दृष्टीने बियर ही पावसासारखी गोष्ट होती, ती बाहेरून यायची. ते साठ वर्षं एकच फिकी, पिवळी, पाण्यासारखी बियर पीत आले होते आणि तीही तशी प्यायची नाही. त्यात टोमॅटोचा रस आणि चिमूटभर मीठ. आमच्याकडचे जुने शेतकरी सगळे अशीच पितात. मीसुद्धा लग्नात प्रथम बियर प्यायले ती लालच होती.

लेलंडची बियर वेगळी. तिच्यात हॉप्सची कडू फुलं इतकी, की पहिल्या घोटाला कान हलतात. त्याच्या सगळ्यांत नावाजलेल्या बियरचं नाव 'वाकडा खिळा'. कारखान्याच्या दारात एक वाकडा खिळा होता, त्यात अडकून एर्विन यांचे तीन शर्ट फाटले होते, त्यावरून. या वाकड्या खिळ्याला दोनदा पदक मिळालं. शिकागोहून दाढीवाली पोरं चार तास गाडी हाकत यायची, पेला उजेडासमोर धरायची, डोळे मिटायची, आणि वहीत काहीतरी लिहायची. कारखान्यातच मांडलेल्या बारच्या फळ्यावर लेलंडने स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिलेलं असे: 'शेवटी जिभेवर पाइनच्या सालीची आठवण.' आमच्या गावात लोकांनी पाइनची झाडं जन्मभर तोडली आहेत, पण साल कोणी चघळलेली नाही, त्यामुळे आठवण यायची कुठून?

गाव तिथे जायचं ते शुक्रवारी, माशांसाठी. लवॉन, म्हणजे लेलंडची बायको, मासे उत्तम तळते. लोक मासे खायचे आणि पाणी मागायचे.

फळ्याच्या वर एक जाड लाकडी पाटी होती. 'बियरमध्ये काहीही घालू नये.' एकदा एका पाहुण्याने लिंबाची फोड मागितली. लेलंडने त्याचा पेला परत घेतला, पैसे परत दिले आणि त्याला दारापर्यंत पोचवून रस्ता कुठे वळतो तेही नीट सांगितलं. लेलंड कधी उद्धट नव्हता.

पाटीशेजारी भिंतीवर खुंट्या होत्या. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मातीचे मग त्यांवर टांगलेले, प्रत्येकाचा नंबर. एक नंबरच्या खुंटीवर एर्विन यांचा मग होता. लेलंडने पहिल्याच दिवशी तो टांगला होता. नऊ वर्षं त्यात फक्त धूळ बसली.

"तुझ्या बाबांचा मग धुवायचा का?" लवॉन दर ईस्टरला विचारायची.

"वापरलेला मग धुतात," लेलंड म्हणायचा.

आता लेलंडला काय हवं होतं ते सांगते. पदकं त्याने कपाटात ठेवली होती. त्याला हवी होती अग्निशमन दलाच्या सहलीतली जागा. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे ही सहल होते, म्हणजे गावातच भरणारी जत्रा: तंबू, बँड, पोल्का नाच, भाजलेले सॉसेज, आणि मिलवॉकीच्या पिवळ्या बियरची पिंपं. फ्रीडामध्ये जन्मलेला माणूस गाव सोडून गेला तरी त्या रविवारी परत येतो. गावात बियर करणारा एकच माणूस, आणि गावाच्या सहलीत त्याचा थेंब नाही. नऊ वर्षं तो सहलीच्या कमिटीपुढे उभा राहिला आणि नऊ वर्षं टोपी हातात घेऊन परत आला.

कमिटी म्हणजे ॲडलीन प्रॉक्नो. नावाला सात जण आहेत. ॲडलीन आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं होती. निम्म्या गावाला तिने गाजरं संपवायला लावली आहेत. तिच्यासमोर पंचावन्न वर्षांचे बाप्येही ताट पुसून ठेवतात.

दहाव्या वर्षी ती म्हणाली, "एक पिंप आण."

लेलंडला खरं वाटेना. "एक पिंप, काकू?"

"एकच. बँडचा शेवटचा पोल्का सहाला. तोवर रिकामं झालं पाहिजे. रिकामं नेलंस तर दरवर्षी आण. त्यात हिंदकळणारं काही राहिलं तर पुन्हा विचारायला यायचं नाही. माझेही गुडघे दुखतात, दरवर्षी तुला नाही म्हणायला उभी राहते मी."

लवॉनने त्याला चांगलं सांगितलं. "ती गव्हाची हलकी बियर ने. म्हाताऱ्यांना चालेल."

"हलकी नेली आणि संपली, तर काय संपलं? ते मी नव्हे."

"अरे, पण संपेल ना!"

"वाकडा खिळा नेणार."

"मग खिळाच ठोक स्वतःला," लवॉन म्हणाली आणि मासे उलटायला गेली.

सहलीच्या दिवशी लेलंडने आपलं टेबल तंबूच्या एका टोकाला मांडलं. दुसऱ्या टोकाला पिवळ्या बियरचं टेबल, आणि त्याच्याजवळ नेहमीप्रमाणे टोमॅटोच्या रसाच्या बरण्या आणि मिठाच्या डब्या. रस ॲडलीनच्याच घरचा. लेलंडने मुद्दाम त्या बरण्यांकडे पाठ केली होती. इस्त्रीचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत.

पहिला पेला पाद्रीबाबांनी घेतला. "जोरदार आहे," ते म्हणाले आणि घाईघाईने सॉसेजकडे वळले. दुसरा आणि तिसरा डेलबर्ट निम्झने घेतला. लेलंड बार्ली शिजवून झाली की उरलेला चोथा डेलबर्टच्या गाईंना देतो, तेव्हा ते मैत्रीखातर होतं.

"माझ्या गाई तुझ्या चोथ्यावर जीव टाकतात," डेलबर्ट म्हणाला. "पण कमिटीत त्यांना मत नाही."

मीही एक पेला घेतला आणि तळापर्यंत संपवला. विद्यार्थ्याचा पेपर शिक्षिकेने शेवटपर्यंत वाचायचा असतो. दुसरा मात्र माझ्याच्याने झाला नसता.

तीन वाजले. पलीकडच्या टेबलापुढे रांग, इकडे लेलंड एकटा फडक्याने तोटी पुसतोय. पुसायला काही नव्हतं. डेलबर्टने पिंप कडेला धरून उचलून पाहिलं.

"किती?" लेलंडने विचारलं.

"व्यायला आलेल्या डुकरिणीएवढं जड आहे."

चार वाजता ॲडलीन येऊन गेली. पिंपाला बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि निघून गेली. लेलंडच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सहावीत फळ्यासमोर उत्तर चुकलं की व्हायच्या तशाच.

मग एर्विन आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, काठी टेकत, तंबूच्या मधोमध लोकांना बाजूला सारत. लेकाच्या टेबलासमोर उभे राहिले.

"दे एक."

"बाबा, राहू द्या. तुम्हाला आवडणार नाही."

"मी आवडण्याचं म्हणालो? एक दे म्हणालो. माझा पोरगा इथं कुत्र्याच्या छत्रीसारखा एकटा उभा आहे, लोक बघतायत."

लेलंडने पेला भरला, फेस बोटभर, नेहमीसारखा मोजून. एर्विननी घोट घेतला. त्यांचा चेहरा आधी सुरकुतला, मग त्या सुरकुत्यांना सुरकुत्या पडल्या. त्यांनी पेला खाली ठेवला नाही. वळले, काठी ठक ठक करत सगळा तंबू ओलांडून पलीकडच्या टेबलापाशी गेले, टोमॅटोची बरणी उचलली आणि पेला काठोकाठ भरला. वर मीठ.

बँड वाजतच होता, पण आमच्या कोपऱ्यातल्या सगळ्या माना लेलंडकडे वळल्या. पाटी सगळ्यांना पाठ होती.

"बाबा!" लेलंडचा आवाज चिरका निघाला. "हे काय केलंत!"

एर्विन पेला घेऊन लेकाच्या टेबलापाशी परत आले आणि प्यायले. थांबले. पुन्हा प्यायले. मग पेला वर करून शेवटचा लाल थेंब जिभेवर घेतला आणि आपल्या नेहमीच्या, टाक्यांवरून ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "साठ वर्षं मी नुसता टोमॅटो पीत होतो की काय!"

"म्हणजे?" डेलबर्टने विचारलं.

"अरे, त्या पिवळीत रस घातला की ती मरते. रसच उरतो. ही मरत नाही. ही टोमॅटोशी भांडते!" त्यांनी पेला लेलंडपुढे आपटला. "आणखी एक."

तोवर डेलबर्टने जाऊन दोन बरण्या आणल्या होत्या. त्याच्यामागे क्रूगर बंधू, त्यांच्यामागे आणखी सहा-सात जण, हातात मिठाच्या डब्या. लेलंडचा हात तोटीवर होता, आणि ती तोटी बंद होती.

"नाही," तो म्हणाला. "माझ्या बियरमध्ये काही घालायचं नाही."

साडेचार वाजले होते. ॲडलीन कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"लेलंड, मी काय म्हणाले होते?"

"रिकामं झालं पाहिजे, काकू."

"कशाबरोबर, ते मी म्हणाले होते?"

लेलंडने बापाकडे पाहिलं. एर्विन रिकामा पेला धरून उभे होते, मिशीला लाल फेस. नऊ वर्षांत त्यांनी लेकाच्या हातची एकही बियर संपवली नव्हती.

डेलबर्टने आपल्या न संपलेल्या पेल्यात घाईघाईने रस ओतायला घेतला. लेलंडने झडप घालून त्याच्या हातातली बरणी काढून घेतली. सगळ्यांना वाटलं, आता ही बाहेर गवतात जाणार.

"असं नाही!" लेलंड ओरडला. "फेस मोडतोय तुम्ही लोक! आधी रस, खाली. दोन बोटं. मग पेला तिरका धरून बियर. मीठ सगळ्यांत शेवटी, आणि कडेला, मध्ये नाही. डेलबर्ट, तो पेला दे इकडे, तुला काही कळत नाही."

त्यानंतर पाऊण तास त्याने मान वर केली नाही. रस, बियर, मीठ. एकाने तीन बोटं रस मागितला तर लेलंडने त्याला मिळणार नाही म्हणून सांगितलं, आणि रांगेतल्या लोकांनीच त्या माणसाला गप्प केलं. सव्वापाचला तोटी खुर्र करून थांबली. ॲडलीनने पिंप स्वतः हलवून पाहिलं, गुडघे दुखत असताना. मग गाजर संपवलेल्या मुलाच्या डोक्यावर ठेवायची तसा लेलंडच्या डोक्यावर हात ठेवला. त्यासाठी त्याला वाकावं लागलं.

साडेपाचला शिकागोची तीन दाढीवाली पोरं धापा टाकत आली. वाकडा खिळा गावाच्या सहलीत मिळणार म्हणून चार तास गाडी हाकली होती.

"संपला," लेलंड म्हणाला. त्याच्या शर्टावर टोमॅटोचे डाग होते, आणि हा शब्द त्याने दोनदा उच्चारला. "सगळा संपला. गावाने संपवला."

पुढच्या आठवड्यात तो माझ्या पायरीवर येऊन बसला. मांडीवर पाटी.

"बाई, मला ही पाटी खोटी वाटायला लागलीय. पण काढून टाकली तर ती लिंबाच्या फोडीवाली माणसं येतील. काय लिहू?"

मी त्याला म्हटलं, जे खरं आहे तेच लिही. त्याने विचार करून, ब्रशने, त्याच सुबक अक्षरात खाली एक ओळ घातली: 'एर्विन वोजान यांचा अपवाद.'

त्या शुक्रवारी डेलबर्ट बारवर कोपर टेकून म्हणाला, "एक वाकडा खिळा. दोन बोटं रस."

"पाटी वाच," लेलंड म्हणाला.

"वाचली. मी एर्विन वोजान."

लेलंडने त्याच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात एक नंबरच्या मगातून पिणाऱ्या बापाकडे पाहिलं. बाप म्हणाले, "दे त्याला. चांगला माणूस आहे एर्विन."

आता शुक्रवारी संध्याकाळी तिथे बसायला जागा मिळत नाही. शिकागोची पोरं डोळे मिटून काळ्या वहीत लिहीत असतात, आणि त्यांच्या आजूबाजूला गावातले साठ-सत्तर एर्विन वोजान मासे खात असतात. त्यांत चार बायका आणि पाद्रीबाबा आहेत. लेलंड प्रत्येकाला नाव विचारतो, नियम म्हणजे नियम. मला विचारलं तेव्हा मी चष्मा काढला, त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि स्पष्ट आवाजात नाव सांगितलं.

"बाई," तो रस ओतता ओतता म्हणाला, "खोटं बोललात. अर्धा गुण कापला."