दोन बोटं आणि उलटं हँडल

डॉक्टरांनी टाचणी माझ्या करंगळीत खुपसली आणि विचारलं, "लागलं?"

मी म्हणालो, "कधी टोचणार आहात?"

ते हसले नाहीत. त्यावरून मला कळायचं ते कळलं. त्यांनी टाचणी बशीत ठेवली, माझा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला, अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग चिमटीत धरला. तो भाग आता तितकासा मांसल राहिला नव्हता. मग दाराकडे एक नजर टाकून ते हळू आवाजात म्हणाले, "लेप्रसी असू शकते."

लेप्रसी म्हणजे महारोग. मराठी शब्द त्यांनीही उच्चारला नाही आणि मीही नाही. इंग्रजी शब्दाची एवढी एक सोय मानली पाहिजे, की तो कानावर पडला तरी अर्थ समजला नाही असं सोंग माणसाला घटकाभर करता येतं.

"नक्की सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "स्मिअर पाहावा लागेल. इथं त्याची सोय नाही." स्मिअर म्हणजे कानाच्या पाळीला बारीक चीर द्यायची, निघालेला रस काचेवर पसरायचा आणि त्यात रोगाचे जंतू दिसतात का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. गोदावरीपलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात हे होत असे. त्यांनी चिठ्ठी दिली. "पंधरा दिवसांत जाऊन या. तोवर मी तहसीलला कळवत नाही. नंतर मात्र कळवावं लागेल."

मी त्याच तहसील कचेरीत अहलकार होतो, म्हणजे कारकून. याच कारणावरून एका शिपायाला बरतर्फ केल्याचा हुकूम मी स्वतः लिहिला होता, आणि अक्षर सुंदर आल्याबद्दल साहेबांनी माझी तारीफही केली होती. त्यामुळे पुढे काय होतं हे मला कुणी सांगायला नको होतं. नोकरी जाईल. बायको विहिरीवर गेली की बाकीच्या बायका आपापल्या घागरी उचलून लांब होतील. आणि त्यानंतर आम्हाला आदिलाबादेत राहता येणार नाही.

ज्यांची बोटं आज बधिर आहेत आणि जे हे कुणाशीच बोललेले नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

दुखण्याची सुरुवात निजामी सालाच्या बहमन महिन्यात, थंडीत झाली. त्याआधी दोन वर्षं मी सायकल चालवत होतो. रोज पहाटे मावल्याच्या तळ्यापर्यंत आणि परत, आणि कचेरीला सुट्टी म्हणून शुक्रवारी सगळ्यांबरोबर गुडीहत्नूरपर्यंत किंवा वर पैनगंगेपर्यंत. आम्ही सात जण होतो. आमच्या मंडळाला अंजुमन-ए-सायकलसवारान असं नाव होतं, आणि ते छापलेला कागद आमच्यातल्या दोघांकडे सायकल येण्याच्याही आधी आला होता.

कागद छापणारे आमचे अध्यक्ष. त्यांना सगळे सदरसाहेब म्हणत. जंगलखात्यातून पेन्शन घेतलेले गृहस्थ. पेन्शन लागली तरी हुकूम देण्याची सवय सुटली नव्हती, आणि जंगल हाताशी नव्हतं. एका विलायती मासिकात त्यांनी सायकलींच्या शर्यतीचं चित्र पाहिलं. त्यातले स्वार पुढे वाकलेले, हँडल खाली वळलेलं, सगळे एका रांगेत. सदरसाहेबांनी ते चित्र कापून आमचा सायकल-मिस्त्री रहीम याच्या दुकानात चिकटवलं आणि सातही सायकलींची हँडलं उलटी बसवायला लावली. चालवताना दोन्ही हात मुठींवर ठेवायचे आणि अजिबात उचलायचे नाहीत असा नियम झाला. जो हात उचलेल त्यानं रांगेच्या शेवटी जायचं. मुरमाच्या सडकेवर रांगेच्या शेवटी असणं म्हणजे सहा जणांची धूळ खाणं.

मला हा प्रकार फार हास्यास्पद वाटत असे. म्हणून मी तो सगळ्यांत काटेकोर पाळला. मुठींवर हात असे ठेवायचो की ते शाळेतल्या मुलानं चित्रात काढल्यासारखे दिसावेत. नाकावर माशी बसली तरी हलवायचो नाही. रहीम मागून ओरडायचा, "मुन्शीजी, माशी को भी मेंबर बना लो!" सदरसाहेबांना मात्र यातली थट्टा कधीच कळली नाही. उलट त्यांनी माझं नाव आदर्श म्हणून दोनदा घेतलं.

आधी शुक्रवारी संध्याकाळी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांना मुंग्या यायच्या. रात्रीतून जायच्या. मग शनिवारपर्यंत राहू लागल्या. मग मुंग्या गेल्या आणि त्यांच्या जागी काहीच उरलं नाही. किल्ली फिरवताना बोटं दगा देऊ लागली. लिहिताना कलम निसटू लागलं. एक दिवस करंगळीला फोड दिसला. चहाचा पेला धरताना भाजलं होतं, आणि मला ते त्या फोडावरून कळलं. तेव्हा मी दवाखान्यात गेलो.

चिठ्ठी घेऊन घरी आलो आणि कुणाला काही सांगितलं नाही. ताट वेगळं केलं, पंचा वेगळा केला, निजायला ओसरीवर गेलो. आपण फार विचारपूर्वक वागतो आहोत असं मला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी मी जेवत असताना माझी बायको यमुना समोर येऊन बसली.

"अवो, हे ताट काऊन वेगळं ठेवून राह्यले तुमी?"

"पोट बरं नाही."

"पोट बरं नसलं तं माणूस जेवण कमी करते. ताट नाही बदलत." तिनं माझा हात ओढून घेतला. "हे हाय नं? दीड महिना झाला पाहून राह्यली मी. सदऱ्याची गुंडी डाव्या हातानं लावता. मले वाटलं, तुमच्या डावखुऱ्या सायबाची नक्कल करून राह्यले."

मी सांगितलं. मग तिनं माझ्याच ताटातली भाकरी मोडली आणि खाल्ली.

"अगं, काय करतेस!"

"जेवून राह्यली. तुमी काचेवर दिसायच्या आधीच हुकूम लिहून टाकला. कचेरीची सवय घरी नका आणू." आणि मग म्हणाली, "उद्याच्या मोटारीनं जाऊ. दोघं."

निर्मळचा घाट उतरून, गोदावरी ओलांडून आम्ही दुपारी मिशनच्या दवाखान्यात पोचलो. नर्सनं कानाच्या पाळीतून रस घेतला आणि उद्या या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला नार्नूरकडचा एक कापसाचा शेतकरी होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून झिजलेली होती. मी सावरून या टोकाला बसलो. यमुना मधे बसली आणि तिनं लगेच बोलायला सुरुवात केली.

"किती दिसापासून, दादा?"

"तीन वर्सं. पयली दोन लपवली," तो म्हणाला. "ते लपवलं नसतं तं ही बोटं राह्यली असती. चुलीतलं लाकूड धरलं, कळलंच नाही."

"आता?"

"हप्त्याले एक सुई देतेत, कडू कवठीच्या तेलाची. लय ठणकते. पण चट्टे बसले." त्यानं मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी लवकर आले, मास्तर. चांगलं केलं."

मी मास्तर नव्हतो, हे सांगायचं धैर्य झालं नाही. त्याच्यापासून हातभर सरकून बसलो होतो त्याची लाज वाटत होती, आणि तरीही मी सरकलेलाच बसून राहिलो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं तसंच.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तेलुगू होत्या. कामापुरती हिंदी बोलायच्या, त्यामुळे मोठमोठे शब्द त्यांच्याकडे नव्हतेच.

"स्मिअर निगेटिव्ह," त्या म्हणाल्या. जंतू दिसले नाहीत. यमुनेनं हात जोडले. "थांबा. एका निगेटिव्हवर मी कुणाला सोडत नाही."

त्यांनी माझं कोपर चाचपलं. तिथल्या हाडामागून अल्नर नर्व्ह जाते. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ती ही नस. महारोगात ती बहुधा दोरीसारखी जाड होते. माझी झाली नव्हती. मग त्यांनी टाचणी घेतली आणि हाताच्या पाठीवर, करंगळीच्या बाजूला टोचली.

"आई गं!" मी ओरडलो.

तळव्याच्या बाजूनं त्याच करंगळीत टोचलं. काही नाही.

हे आदिलाबादेत कुणी पाहिलं नव्हतं. मीही नाही. हात माझाच होता, पण त्याची पाठ तपासावी असं मला सुचलं नव्हतं.

"मागे लागतं, पुढे लागत नाही," बाई म्हणाल्या. "मागची फांदी मनगटाच्या अलीकडेच फुटते. म्हणजे तिथपर्यंत नस ठीक आहे. बिघाड पुढे आहे." त्यांनी तळव्याच्या टाचेवर, मनगटाच्या जरा पुढे, अंगठा टेकवला. "हा घट्टा कशाचा? कुदळ मारता?"

"मी कारकून आहे."

"कलमानं इथं घट्टा पडत नाही."

"अवो, सायकल सांगा नं बाईले!" यमुना म्हणाली.

बाईंनी मला एक खुर्ची दिली आणि सायकलीवर बसतो तसं बसून दाखवायला सांगितलं. मी खुर्चीच्या पाठीवर वाकलो, सगळा भार तळव्यांवर टाकला, चेहरा चित्रातल्यासारखा केला. दारातून दोन नर्सा पाहत होत्या.

"असं किती वेळ?"

"शुक्रवारी तीन-चार तास."

"मधे हात हलवत असाल."

"नाही."

"का?"

सगळ्या तपासण्यांत मला अवघड गेलेला प्रश्न हा एवढाच. "नियम आहे," मी म्हणालो.

"याला कंप्रेशन म्हणतात," बाई म्हणाल्या. कंप्रेशन म्हणजे दाब. तळव्याच्या त्या गादीखालून नस जाते; हँडल आणि हाड यांच्यामध्ये मी ती दोन वर्षं चेपत होतो. "तीन महिने सायकल बंद. झोपताना मनगटाला बांबूची पट्टी बांधा. बोटं रोज पसरा, मिटा. गरम वस्तू उजव्या हातानं धरू नका. बहुतेक सगळं परत येईल, पण नस सावकाश चालते. दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायला या. दुखण्याला एवढं आहे माझ्याकडे. नियमाला औषध नाही."

बाहेर आलो तेव्हा नार्नूरचा शेतकरी अजून बसलेला होता. "काय निघालं?" त्यानं विचारलं. चांगली बातमी सांगायची मला चोरी झाली. यमुनेनं सांगितली.

"बेस झालं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं. "आता गावी सांगा सगळ्यायले. कोणी ना कोणी लपवूनच राह्यलं असते."

त्या शुक्रवारी मी सदरसाहेबांच्या ओसरीवर गेलो. सातही जण होते. मी मनाशी एक खुमासदार भाषण तयार केलं होतं. नियम, चित्र, माशी, सगळं त्यात होतं. लेप्रसीपासून खुर्चीपर्यंत सगळं सांगितलं आणि हशाची वाट पाहिली.

कुणी हसलं नाही. रहीम आपल्या हातांकडे पाहत होता.

"मुन्शीजी," तो म्हणाला, "मेरी भी दो उंगलियाँ. बकरीद के बाद से. मैं तो घर में खाना ही छोड़ दिया, दुकान पे खातूँ."

आमच्यातल्या चित्रकलेच्या मास्तरांनी नुसतीच होकाराची मान हलवली. ते आपले कपडे स्वतः धूत होते, आणि बायकोला वाटत होतं की त्यांच्या डोक्यात काही नवीन तत्त्वज्ञान शिरलं आहे.

मग सदरसाहेब बोलले. आवाज हुकमाचा नव्हता. "माझा डावा. सहा महिने झाले. नातवाला उचलून घेत नाही मी. तो हात पसरतो, आणि मी पेपर वाचत बसतो."

माझ्याजवळ अजून चार विनोद शिल्लक होते. ते मी परत नेले.

"पण हात सोडायचा नाही, हे ठरवलं कशावरून?" मी विचारलं. हा प्रश्न मी दोन वर्षांपूर्वी विचारायचा होता. नियमाची टिंगल करत तो पाळत राहणं ही भित्रेपणाची फार सोयीची जात आहे. आपण हुशार आहोत असंही वाटत राहतं आणि कुणाशी वाईटपणाही येत नाही.

सदरसाहेबांनी प्रामाणिक उत्तर दिलं. "चित्रात कोणी सोडला नव्हता."

पुढच्या मोटारीनं ते तिघं गोदावरीपार गेले. बाईंनी तिघांनाही तपासलं. तिघांचंही माझ्यासारखंच निघालं. सदरसाहेबांना त्या काय म्हणाल्या ते त्यांनी सांगितलं नाही, पण परत आल्या आल्या त्यांनी नातवाला कडेवर घेतलं आणि दिवसभर खाली ठेवलं नाही असं त्यांच्या सुनेनं यमुनेला सांगितलं. हँडलं सरळ झाली. रहीमनं मुठींना लोकर गुंडाळून वरून कातडं शिवलं. आता दर मैलाला हात झटकायचा असा नवा नियम आहे. तोही सदरसाहेबांनीच केला. छापून घेतला.

तुमच्यापैकी कुणाचं बोट बधिर झालं असेल, तर ते दुखणं माझ्यासारखं साधं असेल किंवा तो रोगच असेल. दोन्ही वेळा करायचं एकच: आधी घरी सांगा, मग जाऊन तपासून घ्या. उशिराची किंमत काय असते ते मी त्या बाकावर पाहिलं आहे. पहिल्या डॉक्टरांचा मी आभारी आहे; नक्की माहीत नाही असं म्हणून योग्य जागी पाठवणारे फार नसतात. डॉक्टरीणबाईंचा आहे. यमुनेचा आहे, पण ते तिला सांगितलं तर ती म्हणेल, ताट घासून टाका. नार्नूरच्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नव्हतं. दोन महिन्यांनी हात दाखवायला गेलो तेव्हा विचारलं, त्याच्याशेजारी बसून.

तीन महिन्यांनी, ऊन चढायच्या आत, मी आणि रहीम मावल्याच्या तळ्याकडे निघालो. अर्ध्या वाटेत माझं चाक बसलं. मी टायर काढून आतून बोटं फिरवत पंक्चर कुठे झालंय ते शोधत होतो, आणि एकदम हात मागे घेतला. बाभळीचा काटा करंगळीत, तळव्याच्या बाजूनं, चांगला खोल गेला होता. रक्ताचा थेंब आला. ठणकत होतं.

"लाओ मुन्शीजी, काँटा निकाल देतूँ," म्हणत रहीम पुढे आला.

मी म्हणालो, "थांब. राहू दे जरा."