सात तारीख, चौथा महिना

थोआ,

हे पत्र तू वाचणार नाहीस, मला ठाऊक आहे. छापलेलं असो की हातानं लिहिलेलं, तू हल्ली काहीच हातात धरत नाहीस. कालव्याच्या पलीकडे तुझं घर, अलीकडे माझं. हाक मारली तर ऐकू जाईल. पण तोंडावर बोलायची सोय तू ठेवलेली नाहीस आणि गावातले लोक तुझी गोष्ट वाटेल तशी सांगत सुटलेत. ‘पुस्तकं वाचून वाया गेली’ म्हणे! तेव्हा मीच सांगते. गोष्टीत मी स्वतःला बाई म्हणेन, तू म्हणतेस तसं. चूक कुणाची, तेही लपवणार नाही.

थोआ सातवीपर्यंत शिकलेली. देशाच्या उत्तरेला, थाय बिन्हकडच्या त्या गावात सहकारी भातगिरणीवर पोती शिवण्यात तिची उमर गेली. लग्न केलं नाही. बहात्तर साली तिचा धाकटा भाऊ खाय एकोणिसाव्या वर्षी दक्षिणेत लढाईत पडला. घरी आला तो एक कागद. त्यावर पलटणीचा आकडा, ‘दक्षिण आघाडी’ एवढे दोन शब्द आणि तारीख. थोआ तेव्हा नदीच्या बांधावर कामाला गेली होती. गावच्या सचिवाने कागद आईला वाचून दाखवला, कारण आईला अक्षर येत नव्हतं. पुढे एका वादळात छप्पर उडालं, त्याबरोबर कागदही गेला.

श्राद्ध मात्र आईने एकदाही चुकवलं नाही. चौथ्या महिन्याची सप्तमी आली की चिकट भात, उकडलेली कोंबडी आणि खायच्या नावाची एक वाटी जास्तीची. “त्याची हाडं घरी आल्याशिवाय मी मरायची नाही,” असं ती म्हणायची. नव्वदी ओलांडल्यावर तर धमकी दिल्यासारखं म्हणू लागली.

एका सकाळी थोआ बाईंच्या ओसरीवर येऊन बसली. बाई शाळेत साहित्य शिकवून निवृत्त झालेल्या.

“बाई, खायच्या पलटणीचा इतिहास छापलाय म्हणतात. तो मला वाचायचाय. कुठे पडला ते कळलं की जाते आणि घेऊन येते.”

“मीठ आणायला निघाल्यासारखं बोलतेस! तारीख काय?”

थोआने श्राद्धाची तिथी सांगितली. बाईंनी चांद्र महिन्यांचं जुनं पंचांग काढलं, बहात्तर सालचं पान उघडलं, बोट फिरवलं. सप्तमी, चौथा महिना म्हणजे एकोणीस मे. लाल पेन्सिलीने तिच्या वहीवर लिहून दिलं.

“नक्की ना, बाई?”

“साहित्य शिकवलं म्हणून काय मोजता येत नाही मला? त्या इतिहासाचा पहिला खंड एप्रिलअखेर संपतो, त्यात डोळे फोडू नकोस. दुसऱ्यापासून धर.”

थोआने दुसऱ्यापासून धरलं आणि सात वर्षं सोडलं नाही. पलटणीचा इतिहास झाला, मग सैनिकांच्या आठवणी, रोजनिश्या, शेवटी कविता. भाताच्या पोत्यांवर बसून बोटाने ओळ धरत, ओठ हलवत वाचायची. कविता कशाला, असं बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, “इतिहासात किती मेले ते असतं. कुठल्या झाडाखाली पुरले, ते कवितेतच सापडतं.” बाईंनी तीस वर्षं कविता शिकवल्या, पण हे कधी त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि सापडलंही. एकोणीस मेला पलटण दक्षिणेत रबराच्या एका मळ्याशी होती. अकरा जण गेले. त्याच पलटणीतल्या एकाने कवितेत लिहून ठेवलं होतं की ओढ्याच्या वळणावर सावरीची तीन झाडं आहेत, तिथे आपण मित्राला उभ्या पावसात मातीआड केलं. थोआने कागदावर ओढा काढला, वळण काढलं, झाडं काढली. त्राच नावाचा गावचा म्हातारा सैनिक तो नकाशा बघून म्हणाला, “थोआ, एवढं तेव्हा वाचलं असतंस तर आम्ही तुलाच सेनापती केलं असतं. निदान चुकीच्या टेकडीवर तरी चढलो नसतो.” ती हसली. सात वर्षांत ती हसलेली बाईंनी तेव्हाच पाहिली.

खणायची परवानगी आली. चार दिवसांची, त्याच मळ्यातली. नंतर तिथली जुनी झाडं पाडून नवी लावायची होती. आई अंथरुणाला खिळलेली, दिवसाला चार चमचे पेज. थांबायला वेळ कुणालाच नव्हता.

निघायच्या सकाळी थोआने लाल कापडाची घडी केली, उदबत्त्या बांधल्या. बाई आईपाशी राहायला आल्या होत्या. आईने उशाखालून विड्याचं पान काढलं.

“हे त्याला दे. आणि सांग, आईने दर साली कागदावरच्या दिवशीच जेवायला घातलं.”

थोआचा हात थांबला. “कागदावरच्या?”

“मग काय माझ्या मनाच्या? सचिव म्हणाला सात, महिना चौथा. मी सात धरली, महिना चौथा धरला.”

“आई, तो कागद सरकारी. त्यावरचे महिने सरकारी.”

“सरकारचे महिने वेगळे असतात होय? मला कुणी सांगितलं? महिना तो महिना.”

थोआने बाईंकडे पाहिलं. बाईंनी खाली बघितलं. कागदावरची सात म्हणजे पंचांगातली सप्तमी नव्हती, सात एप्रिल होती. बेचाळीस दिवस आधी पलटण कुठे होती, हे फक्त पहिल्या खंडात होतं आणि तो तिने उघडला नव्हता. बाईंनीच नको म्हटलं होतं.

“काय झालं, पोरी?” आईने विचारलं.

“काही नाही. पान छोटं आहे, दुसरं दे.”

अंगणात येऊन थोआ म्हणाली, “मी जाते. परवानगी पुन्हा मिळायची नाही. तुम्ही जिल्ह्याच्या ग्रंथालयात जा. पहिला खंड, एप्रिल. पलटण कुठे होती, जवळ ओढा कुठला, झाडं कुठली, सगळं फोनवर वाचून दाखवा. मी तिथूनच पुढे जाईन. विनापरवाना खणेन, नखांनी खणेन.”

“आणते,” बाई म्हणाल्या.

शुक्रवारी बाई ग्रंथालयात गेल्या. कपाटांची मोजदाद चालू होती. बाईंनी मागणीची चिठ्ठी भरली. “सोमवारी या, आजी,” काउंटरवरची मुलगी चिठ्ठी परत देत म्हणाली. मळ्यातून थोआचा फोन आला. ओढा होता, वळण होतं, एक सावरही होती; खाली नुसती लाल माती. “माहीत होतं मला. तरी तीन खड्डे खणले. खंड आणलात का?”

“सोमवारी.”

रविवारी सकाळी आईने पेज नको म्हटलं. दुपारी विचारलं, “निघाला का तो?” बाई म्हणाल्या, “निघाला.” संध्याकाळच्या आत ती गेली. थोआ मातीला आली ती रिकाम्या हातांनी, दोन्ही पानं तशीच कापडात. ती पानं तिने आईच्या मुठीत ठेवली. नकाशा, वह्या, कविता, सगळं गिरणीच्या भट्टीत घातलं. बाईंना एका शब्दाने बोलली नाही. आजही बोलत नाही.

थोआ, त्या सोमवारी तुझ्या घरी प्रेत होतं, म्हणून गेले नाही. मंगळवारी जाता आलं असतं. बुधवारीही. म्हटलं, आता कुणासाठी? पण खाय अजून तिथे कुठेतरी आहेच, आणि खंड पुढे का आणला नाही, हे तू मला कधी विचारणार नाहीस. ग्रंथालयाची चिठ्ठी माझ्या बटव्यात आहे. पहिला खंड, एप्रिल. घड्या पडून ती चार जागी फाटलीय, पण नंबर अजून वाचता येतो.