साक्षीदाराची खुर्ची

सुप्रभाला कुणी माझ्यासमोर परकी म्हणालं तर त्याची माझ्याशी गाठ आहे, हे आधीच सांगून ठेवते. आम्ही दोघी टोकियोच्या एदोगावा भागात एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, ती तिसऱ्या मजल्यावर, मी पाचव्या. तेवीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी ती चिंचवडहून इथं आली. पहिली दोन वर्षं घरात बसून रडली, मग स्टेशनजवळच्या एका कारखान्यात जेवणाचे डबे भरायला लागली. जपानी तिथंच शिकली, तिथल्या बायकांची बोलणी खात खात.

चार वर्षांपूर्वी तिनं इथलं नागरिकत्व घेतलं. भारताचा पासपोर्ट जमा करून आली त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "देश सोडलास?" नवरा देवदत्त, तो अजून भारतीयच आहे, म्हणाला, "एवढी कसली हौस?" हौस कसली डोंबलाची. इथं कर भरायचा, शाळेच्या समितीत राबायचं, कचरा दहा तऱ्हांनी वेगळा करायचा आणि नगरसेवक मात्र दुसऱ्यांनी निवडायचा, हे तिला मान्य नव्हतं.

यंदा वॉर्ड ऑफिसनं मतदान केंद्रावर बसायला साक्षीदार मागवले. मतदारयादीत नाव असलं की झालं. सुप्रभानं अर्ज केला.

"मत मिळालं ना? आता खुर्चीपण हवी?" देवदत्त म्हणाला.

"हवी."

तिची निवड झाली. मतदानाच्या रविवारी सकाळी सात वाजता, शाळेच्या व्यायामशाळेत, पहिल्या मतदाराला रिकामी पेटी दाखवून कुलूप लावलं. प्रत्येकाची मताची चिठ्ठी त्या पेटीत पडते की नाही, एवढंच साक्षीदारांनी बघायचं. दहाच्या सुमारास आमच्याच बिल्डिंगमधले ओगुरा-सान आले. लिफ्टमध्ये आम्ही दिसलो की सत्तरीतला हा माणूस जिन्यानं जातो. इथल्या रीतीप्रमाणं चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव हातानं लिहून ते वळले आणि त्यांना पेटीमागं सुप्रभा दिसली.

"ही परदेशी बाई इथं कशी?"

केंद्रप्रमुखानं वाकून सांगितलं, त्या जपानी नागरिक आहेत, आजच्या साक्षीदार आहेत. ओगुरांनी चिठ्ठी खिशात कोंबली आणि ते दाराकडं निघाले. प्रमुख आपला वाकतोच आहे. अजून किती वाकणार होता देव जाणे.

सुप्रभा उठली. हे सगळं तिनंच मला नंतर सांगितलं.

"ओगुरा-सान, चिठ्ठी बाहेर नेता येत नाही. पेटीत टाका."

"तुझ्यासमोर नाही टाकणार."

"मी रात्री आठ वाजेपर्यंत इथंच आहे. माझ्यासमोरच टाकावी लागेल."

रांग थांबली होती. सगळे तिच्याकडं बघत होते.

"माझ्या मतावर तू लक्ष ठेवणार?" ओगुरांनी विचारलं.

"हो. त्यासाठीच मला बसवलंय. तुमचं मत मी कुणालाही पळवू देणार नाही. तुम्हालासुद्धा."

ओगुरा पेटीपाशी परत आले. मग खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी ती हातानं सरळ केली आणि पेटीत टाकली. सुप्रभा खाली बसली.