आपांच्या विटा

आपा वॉर्डात आल्या की पेशंटच्या तोंडाकडे आधी बघत नसत. खाटेच्या पायथ्याशी वाकून, दोरीला टांगलेल्या पिशवीखालून हात फिरवीत. महाडच्या त्या लहानशा हाडांच्या दवाखान्यात पाय ताणून धरायला वजन म्हणून त्या पिशवीत विटाच असत. पिशवी कुठे टेकलेली नाही, हे कळल्यावर मग विचारपूस. या सिस्टरचं खरं नाव क्वचितच कोणी घेई; मोहल्ल्यातल्यांचं ऐकून डोंगरवाड्यांवरचे आम्हीसुद्धा आपा, म्हणजे थोरली ताई, असंच म्हणायचो.

नव्वदच्या दशकात आंबेनळी घाटात माझी स्कूटर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. मी पोलादपूरकडचा शाळामास्तर, शाळा चढावर. पाय आखूड राहिला तर काय, एवढंच डोक्यात.

एका दुपारी माझं विव्हळणं न बघवून आईने विटांखाली स्टूल सरकवलं. तेवढ्यात आपा आल्या.

"गो आये, लेकाला लंगडत न्यायचाय काय घरी?"

"पोराचा पाय उपटशील गो बाय!"

"उपटला तर माझा देईन. काढ ते स्टूल."

आई रुसली. आपांनी लगेच तिला माझी पाठ आणि टाच चोळायला बसवलं, नाहीतर पडून पडून जखमा होतात म्हणून. संध्याकाळी दोघी सुकटीच्या चटणीवर गप्पा मारत होत्या.

मला मात्र सुटका नव्हती. येता-जाता हुकूम, "मास्तर, अंगठा!" की नस शाबूत आहे हे कळायला पायाचा अंगठा हलवून दाखवायचा.

"आपा, जेवतोय."

"तोंड जेवतंय. अंगठा मोकळाच हाय."

हाड जुळल्यावरच त्यांनी मला सोडलं. घरी गेल्यावर वडिलांनी शेजारच्या वाडीतल्या वैद्याचा लेप लावला. मी सरळ चालू लागलो आणि साऱ्या खोऱ्यात लेपाचं नाव झालं. चारचौघांत वडिलांना खोटं कसं पाडायचं? ते गेल्यावरही मी गप्पच राहिलो.

पुढे निवृत्त झालेल्या आपा अंगणात घसरल्या. मांडीचंच हाड. त्याच दवाखान्यात भेटायला गेलो, तर आखातातून आलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "बरे आलात मास्तर. अम्मीला उद्या घरी नेतोय. तुमच्या त्या लेपाची सोय केलीय."

मी आपांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले, पण ओठाच्या कोपऱ्यात हसू.

"सांगा की मास्तर, कसा हाय लेप?"

"लेप लागला तेव्हा हाड जुळलेलं होतं," मी मुलाला म्हणालो. "माझा पाय तुझ्या आईने सरळ केला. मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. तिला हलवू नकोस."

 मुलाने बाहेर जाऊन गाडीवाल्याला नको म्हणून सांगितलं.

"फारच लवकर बोललात," आपा म्हणाल्या.

मी खाटेच्या पायथ्याशी वाकलो. विटांखालून हात फिरवला. पिशवी मोकळी लोंबत होती.

"आपा, अंगठा."

त्यांनी तोंड वाकडं केलं. चादरीबाहेरचा अंगठा मात्र हलला.