पाय लागला की हरणारा सुमो

शशिधरकाका दाबके जर्मनीत ब्राउनश्वाइगला एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतात आणि शनिवारी सुमो कुस्तीत स्वतःची एक चूक करायचे. सात वर्षं, तीच. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो, म्हणून हा इतिहास माझ्याकडे आला. दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं.

डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं तेव्हा काका खेळाचा फेराइन, म्हणजे आपलं मंडळ, शोधायला लागले. सगळ्या फॉर्मवर वजनाची मर्यादा. सुमोच्या फॉर्मवर ती जागाच नव्हती. "आयुष्यात पहिल्यांदा एका जर्मन फॉर्मात मी आहे तसा मावलो," काका म्हणाले आणि एकशे अठरा किलोंसकट सही करून आले.

शिकवायला यामागुचीसान. हे टोकियोत अकरा वर्षं व्यावसायिक सुमो होते. पहाटे उठायचं, सराव करायचा, मोठ्या पैलवानांचा रस्सा शिजवायचा, त्यांच्या पाठी चोळायच्या. तिथल्या क्रमवारीत वरच्यांची नावं ठळक, खालच्यांची बारीक. यामागुचीसानांचं भिंगातून बघावं लागे. मग गुडघा गेला, डोक्यावरची सुमोची केसांची गाठ समारंभाने कापली, आणि इथल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंशी लग्न करून ते शाळेच्या जिममध्ये जर्मनांना ढकलाढकली शिकवू लागले. पण तशी यादी त्यांनी इथेही लाकडी फळीवर लावली. नियम एकच: एक कुस्ती जिंका, फळीवर या.

काकांना त्यांनी 'शशियामा' नाव दिलं. यामा म्हणजे डोंगर. चारुलताकाकू म्हणाल्या, "डोंगर कसला, उतारच आहे सगळा."

बावन्न कुस्त्या, बावन्न पराभव. ताकद कमी नव्हती. पण साडेचार मीटरच्या रिंगणात दोन माणसं भिडली की पाय लागणारच, आणि काकांचा पाय कोणाला लागला की हात आपोआप खाली जायचा, समोरच्याला स्पर्श करून छातीशी यायचा. तेवढ्यात समोरचा त्यांना रिंगणाबाहेर ठेवून यायचा. बावन्नांपैकी एकतीस वेळा हा समोरचा म्हणजे टोर्स्टन, हीटिंग दुरुस्त करणारा, एकशे चाळीस किलो.

"हे तू काय करतोस?" त्याने एकदा विचारलं.

"प्रत्येक माणसात देव असतो. त्याला पाय लागला तर नमस्कार करायचा."

टोर्स्टनने गंभीरपणे विचार केला. "आल्झो, मग मी ढकलू की नको?"

"ढकल रे. देव आपापलं बघेल."

फेराइनचा आणखी एक नियम होता: पन्नाशी झाली की स्पर्धा बंद. काकांचा पन्नासावा वाढदिवस मंगळवारी होता. म्हणजे त्याआधीच्या शनिवारची कुस्ती शेवटची. फळीवर नाव आलं तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. काका चार दिवस धड जेवले नाहीत. एकशे सोळावर आले.

तोड काकूंनी काढली. "अहो, पाय लागायच्या आधीच नमस्कार करून ठेवा ना. एकवीस करा. तेवढ्यात भागेल."

शनिवारी काकांनी टोर्स्टनला वाकून एकवीस आगाऊ नमस्कार केले. लाल सिग्नलला उभं राहावं तसा टोर्स्टन उभा राहिला. पंच यामागुचीसानच होते. त्यांनी नियमपुस्तक चाळलं आणि मान हलवली. मनाई नव्हती.

कुस्ती लागली. तिसऱ्याच सेकंदाला काकांचा पाय टोर्स्टनच्या नडगीला लागला. हात खाली निघाला.

"अहो, झालाय तो!" काकू बाकावरून ओरडल्या. "आधीच झालाय!"

हात थांबला. सात वर्षांत पहिल्यांदा काका रिंगणात पाच सेकंद टिकले. टोर्स्टन गोंधळला. याला या वेळेपर्यंत बाहेर ठेवून झालेलं असतं. पुढचं त्याला माहीत नव्हतं. त्याने घाईत पाय टाकला, तो काकांच्या अंगठ्यावर.

आणि टोर्स्टन वाकला.

एकतीस कुस्त्या त्याने तेच पाहिलं होतं. त्याचा हात काकांच्या पायाकडे गेला. आता कोणी पायाशी वाकलं की काय करायचं, हेही काकांच्या हाताला ठाऊक होतं. तो टोर्स्टनच्या डोक्यावर गेला. "औक्षवंत हो," काका म्हणाले, आणि एकशे सोळा किलोंचा आशीर्वाद पडला. टोर्स्टनचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले. सुमोत पाऊल सोडून काहीही टेकलं की हार.

यामागुचीसानांनी टोर्स्टनला विचारलं, तक्रार आहे का?

टोर्स्टनने काकांकडे पाहिलं. "तू काय म्हणालास मला?"

"खूप वर्षं जग, म्हणालो."

"गेनाऊ, अगदी बरोबर," टोर्स्टन म्हणाला. "मग तक्रार नाही. ते काढून घेतलंस तर?"

प्रोटोकॉलात, म्हणजे निकालाच्या नोंदीत, डावाचं नाव लिहिल्याशिवाय निकाल धरत नाहीत. सुमोत विजयाचे ब्याऐंशी डाव आहेत. यामागुचीसानांनी सगळे आठवून पाहिले आणि पेन काकांच्या हातात दिलं. काकांनी एकेक अक्षर जपून लिहिलं: आशीर्वाद.

फळीवर आता सगळ्यात खाली शशियामा आहे. काकू परवा चष्मा लावून, मग काढून, मग पुन्हा लावून बघत होत्या.

"अहो, मुंगी आहे की नाव?"

"नाव आहे," मागून यामागुचीसान म्हणाले. "माझं याहून बारीक होतं."

काका अजून फोनवर त्या फळीचा फोटो मोठा करून दाखवतात.